एक वीत खोल

मित्रांनो, नदीच्या वळणावर पाण्यात एका पायावर उभी असलेली पांढरी, उंच आकृती दुरून पाहिलीत तर तुम्हाला बगळाच वाटेल. जवळ आलात की कळेल, मला चोच नाही आणि पंखही नाहीत. माझ्या अंगावर काळ्या रेघा आणि लाल आकडे आहेत. नदीचे पाणी किती चढले आणि किती उतरले हे सांगणारी मी लाकडी पट्टी आहे, आणि वयाने बरीच जुनी आहे. सरकारी कागदात माझे नाव लांबलचक आहे. काठावरची माणसे मात्र मला बगळी म्हणतात. इतक्या वर्षांत मलाही तेच नाव आपले वाटू लागले आहे.

पट्टी होण्याआधीही मी नदीतच होते. मी एका नावेच्या तळाची फळी होते. नावाडीकाका त्या नावेतून माणसे, सायकली, शेळ्या, एकदा तर बँडवाल्यांचा अख्खा ताफा त्यांच्या ढोलांसकट पलीकडे नेत. काकांच्या अनवाणी पावलांची ओळख मला तेव्हापासूनची. पुढे वरच्या अंगाला पूल झाला. लोक पुलावरून जाऊ लागले आणि आमची नाव काठावर उलटी पडून राहिली. तिच्या बुडाखाली कुत्री झोपत.

मग बंधाऱ्याच्या कार्यालयाला पाणी मोजायची पट्टी हवी झाली. सुताराने नावेची सगळी लाकडे ठोकून पाहिली आणि मला निवडले. "वीस वर्षं भिजलीय आणि अजून खणखणीत वाजते," तो म्हणाला. त्याने मला रंधा मारला, दोन मीटरवर कापले आणि दर दहा सेंटिमीटरला एक आकडा पटाशीने कोरला. रंगाऱ्याने पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले, बारीक काळ्या रेघा ओढल्या आणि कोरलेल्या आकड्यांत लाल रंग भरला. माझ्या अगदी तळाशी शून्य होता. नदीच्या तळाच्या एका खडकावर लोखंडी बूट बसवून त्यात मला उभे केले, तेव्हा तो शून्य बरोबर खडकाला टेकला.

पट्टी झाली, पण ती वाचणार कोण? कार्यालयातल्या माणसाने नावाडीकाकांना विचारले.

"मला लिहिता येत नाही," काका म्हणाले.

"आकडे आले की झालं. दहाच तर आहेत."

काकांचे वय तेव्हा पंचावन्न होते. ते रोज गुडघाभर पाण्यात उभे राहून माझ्या कोरलेल्या आकड्यांतून बोट फिरवत. शून्य म्हणजे भोवरा. चार म्हणजे दोरीचा फास. सात म्हणजे गळ. काकू काठावर कपडे पिळता पिळता म्हणत, "अहो, नातवंडं तुमच्याआधी शाळा सोडतील." काका ऐकून न ऐकल्यासारखे करत. महिन्याभराने त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर पहिला आकडा काढला. चार जरा आडवा झाला होता, पण चारच होता. मित्रांनो, त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी अजून विसरलेले नाही. कुणीतरी माझ्या अंगावर बोट फिरवून वाचायला शिकले होते.

तेव्हापासून सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला काका येत, वाकून पाणी कुठल्या रेघेला लागते ते पाहत आणि वहीत लिहीत. उन्हाळ्यात तर माझे काम फारच महत्त्वाचे असे. बंधाऱ्याच्या खाली एक खळाळ आहे, म्हणजे दगडगोट्यांवरून पाणी उथळ आणि खळखळत जाते ती जागा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सोनेरी परांचे मासे खालून येतात, तो खळाळ चढतात आणि वरच्या स्वच्छ वाळूत अंडी घालतात. त्यासाठी बंधाऱ्यातून थोडे पाणी सोडावे लागते. किती सोडायचे? तर माझ्यावर चाळीस दिसेपर्यंत. चाळीसला किती पाणी वाहते याचा तक्ता कार्यालयाने आधीच मोजून भिंतीवर लावला होता.

बंधाऱ्याचे दार उघडणारा गेटवाला हा काकूंचा धाकटा भाऊ. त्याला दाराचे मोठे लोखंडी चाक फिरवावे लागे. काका इथून ओरडत, "पस्तीस! अजून!" तो तिथून ओरडे, "दाजी, हात दुखले माझे!" साधारण साडेसहा फेऱ्यांनंतर चाळीस होत आणि मग दोघेही कपाळाचा घाम पुसत. चार-आठ दिवसांत मासे येत. सगळे कसे सुरळीत चालले होते.

आणि मग एके वर्षी मोठा पूर आला. त्या पुराने बंधाऱ्याचे लहान दार वाकवले, काकूंची कपडे धुण्याची शिळा उलटी केली आणि मला लोखंडी बुटासकट उपटून नेले. दोन वळणे खाली एका झुडपात मी अडकून पडले होते. पाणी उतरल्यावर काका आपली लहान होडी घेऊन मला शोधत आले. मला पाहताच म्हणाले, "चल, बगळे, फार फिरलीस." घरी नेऊन त्यांनी मला सावलीत सुकवले. काकूंनी तेल चोळले. खरे सांगते, तेवढे लाड माझे पूर्वी कधी झाले नव्हते.

आता जे सांगणार आहे ते नीट ऐका, कारण घोटाळा इथेच झाला.

नावाड्यांची एक रीत असते. होडी बांधायची मेख पुरात उपटली गेली, तर ती पुन्हा रोवताना आधीपेक्षा एक वीत खोल रोवायची. काकांचे वडील तसेच करत, काकाही तसेच करत. मला पुन्हा बसवायला गवंडी आला, तेव्हा काकांनी खडकावर आपली वीत टेकवली.

"एवढा खड्डा घे. वीतभर खोल बसव हिला."

"कार्यालयाच्या कागदात तसं लिहिलंय का?" गवंड्याने विचारले.

"पुरात कागद वाहून गेला नव्हता. पट्टी वाहून गेली होती."

गवंडी हसला आणि त्याने छिन्नी उचलली. माझा पाय खडकाच्या आत गेला, भोवती सिमेंट भरले गेले. माझा भोवरा, माझा दहा, माझा वीस, सगळे अंधारात बंद झाले. काकांची वीत बावीस सेंटिमीटरची आहे. म्हणजे मी बावीस सेंटिमीटर खाली गेले होते. मित्रांनो, तुम्ही खड्ड्यात उभे राहिलात, तर गुडघ्याएवढे पाणी तुमच्या कमरेला लागेल. पाणी वाढलेले नसेल, तुम्ही खाली गेलेले असाल. माझे तसे झाले.

खरे तर पुरानंतर मोजणी करणारे एक साहेब तिपाई आणि दुर्बीण घेऊन यायचे होते. माझा शून्य जागेवर आहे की नाही हे पाहणे त्यांचे काम. पण त्या वर्षी त्यांना पुलाच्या कामावर पाठवले. कार्यालयाला वाटले ते येऊन गेले. त्यांना वाटले दुसरे कोणी जाऊन आले. काका तर रोज इमानदारीने वही भरत होते. गडबड एकट्या मला माहीत होती आणि मला तोंड नव्हते.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक संशोधक बाई राहायला आल्या. पुरानंतर नदी कशी सावरते याचा त्यांना अभ्यास करायचा होता. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून त्या खळाळात उतरत, एकेक दगड उचलून उलटा करत आणि त्याला चिकटलेले किडे चिमट्याने एका पांढऱ्या थाळीत ठेवत. मग भिंगातून पाहत, मोजत, लिहीत आणि किडे पुन्हा पाण्यात सोडत. दगडही जसा होता तसाच ठेवत. काठावर त्यांचे नाव लगेच पडले, किडेवाल्या बाई.

काकूंना पहिल्याच दिवशी राहवले नाही. "एवढं शिकलात आणि किडे मोजता होय?"

"काकू, हा बघा," बाईंनी थाळी पुढे केली. "हा वाळूचे कण चिकटवून स्वतःला घर बांधतो."

काकूंनी भिंगातून पाहिले, पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाल्या, "आमच्या गवंड्यापेक्षा सफाईदार आहे." त्या दिवसापासून त्या किड्याचे नाव गवंडी पडले. तीन शेपट्यांच्या किड्याला काकूंनी तिशेपटी म्हटले. बाईंनीही आपल्या वहीत मोठ्या नावाखाली ही नावे लिहून घेतली.

बाईंमुळे मला पुष्कळ नवे कळले. नदी म्हणजे नुसते वाहणारे पाणी नाही. दगडांवरचे शेवाळ किडे खातात, किडे मासे खातात, मासे बगळे खातात, पडलेली पाने किडे कुरतडून नदीचा तळ साफ ठेवतात. पाणी कमी झाले, कोमट झाले, तर त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि तिशेपटी सगळ्यात आधी नाहीसा होतो. बाई म्हणत, "बगळी या घडीचं पाणी सांगते. हे किडे मागचं अख्खं वर्ष सांगतात." मला त्यांचा हेवा वाटला नाही. उलट वाटले, चला, साक्षीदार वाढले.

पण ते साक्षीदार माझ्या विरुद्ध बोलत होते.

पहिल्या उन्हाळ्यात बाईंना एका दगडाखाली सात-आठ गवंडी सापडत. दुसऱ्या उन्हाळ्यात दोन-तीन. तिसऱ्यात दहा दगड उलटावे तेव्हा एखादा. तिशेपटी तर औषधालाही उरला नाही. मासे तीनही उन्हाळे खळाळाच्या खाली येऊन थांबले, दोन दिवस घुटमळले आणि खालच्या डोहात परत गेले. त्यांच्या पाठी पाण्याबाहेर राहत होत्या, ते चढणार कसे? आणि काकांच्या वहीत रोज चाळीस.

गेटवाला मात्र खुशीत होता. पुरानंतर त्याच्या बंधाऱ्याला नवे दार मिळाले होते. "पूर्वी साडेसहा फेरे लागायचे. आता साडेतीन फेऱ्यांत दाजी चाळीस ओरडतात. नवं दार म्हणजे नवं दार."

काकू म्हणाल्या, "दार नवं झालं म्हणून पाणी जास्त वाहतं होय रे?"

"ताई, तुला यंत्रातलं काय कळतं?"

काकूंनी मान उडवली. मी मनात म्हटले, काकू, विचारा, अजून एकदा विचारा. पण काकू चहा गाळायला गेल्या.

तिसऱ्या उन्हाळ्यात एका सकाळी बाई माझ्याजवळ उभ्या राहून दमल्या आवाजात म्हणाल्या, "काका, बगळी म्हणते चाळीस आणि किडे म्हणतात पाणीच नाही. दोघांपैकी कोणीतरी चुकतंय. आणि किड्यांना खोटं लिहिता येत नाही."

काकांचा चेहरा पडला. "मग मी खोटं लिहितो असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"नाही काका, तसं नाही..."

पण काका वही काखेत मारून निघून गेले होते. चार दिवस ते बाईंशी बोलले नाहीत. येत, आकडा लिहीत, जात. पाचव्या दिवशी काकूंनी दोघांच्या हातात एकदमच चहाचे पेले दिले आणि म्हणाल्या, "घोट घ्या आणि बोला. मला दोन चुली मांडायला वेळ नाही." दोघेही हसले. पण बाईंचे कोडे सुटले नव्हते आणि काकांच्या मनातला काटाही निघाला नव्हता.

त्यातच पाणी खात्याचे साहेब यायचे ठरले. शहराच्या टाक्यांना उन्हाळ्यात पाणी कमी पडत होते. नदीसाठी सोडतात ते पाणी पुढच्या वर्षीपासून बंद करायचे की चालू ठेवायचे, हा निर्णय त्या दिवशी व्हायचा होता. बाईंनी आग्रह धरला, निर्णय नदीकडे बघून करा. म्हणून काठावर झाडाखाली चार खुर्च्या मांडल्या गेल्या आणि मला सगळे ऐकू आले.

साहेब माणूस वाईट नव्हता. शांतपणे म्हणाला, "तीन उन्हाळे नदीला चाळीस दिले. पुराआधी चाळीसला मासे चढायचे, आता चढत नाहीत. पुरानं खळाळ पसरला असेल, दगड सरकले असतील. मग हे पाणी सोडून फायदा कुणाला? शहरात लोक हंडे घेऊन रांगेत उभे आहेत. तुमच्याकडे याचं उत्तर आहे का?"

बाईंनी वही मिटली. "आज नाही," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले, मी पुन्हा नावेची फळी असते तर बरे झाले असते. माझ्यामुळे नदीचे पाणी बंद होणार होते. मासे आणखी एक-दोन वर्षे येऊन परत जातील आणि मग येणेच सोडून देतील. आणि काकांच्या तीन वर्षांच्या वह्यांवर, त्या वळणदार लाल शाईतल्या आकड्यांवर, तो निर्णय उभा राहणार होता.

साहेब उठले. "निदान खळाळ जवळून दाखवा. मग मी निघतो."

काका होडी सोडायला गेले. साहेबांनी मदत म्हणून मेखेला हात घातला. मेख तसूभरही हलली नाही.

"काका, ही किती खोल आहे?"

गेटवाला हसत म्हणाला, "दाजींची मेख आहे साहेब. दर पुरानंतर वीतभर आत. अजून चार पूर आले तर पृथ्वीच्या पलीकडे निघेल."

काकाही हसले. "आमच्या वडिलांची रीत आहे. जे पुरात उपटलं ते परत रोवताना वीतभर..."

ते मध्येच थांबले. हातातली दोरी हातातच राहिली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले.

कोणाला काही कळले नव्हते. ते गप्प राहिले असते, तर कधी कळलेही नसते. होडी सुटली असती, साहेब गेले असते, आणि काका आयुष्यभर काठावरचा सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणून मिरवले असते. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांची पावले मला नावेपासून माहीत होती. ती जागची हलली, आणि सरळ पाण्यात आली.

"अहो, चपला तरी काढा," काकू म्हणाल्या.

काकांनी ऐकले नाही. माझ्याजवळ येऊन त्यांनी पाण्यात हात घातला आणि माझ्या अंगावरून बोट खाली सरकवू लागले. पूर्वी शिकताना फिरवत तसेच. तीस लागला. मग रेघा. एक, दोन, तीन... आणि मग खरखरीत सिमेंट. वीस नाही. दहा नाही. भोवरा नाही. काकांनी पुन्हा एकदा बोट फिरवून पाहिले. मग ओल्या हाताने चेहरा पुसला आणि वळले.

"साहेब, बगळी खोटं बोलत नाही. मीच हिला खड्ड्यात उभी केलीय. वीतभर. गवंडी विचारत होता, मीच ऐकलं नाही. तीन वर्षं मी चाळीस लिहितोय, ते चाळीस नाहीत."

गेटवाल्याने हळूच विचारले, "म्हणजे माझं नवं दार..."

"साध्या दारासारखं दार आहे," काकू म्हणाल्या.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "तीन वर्षांच्या नोंदी. सगळ्या पाण्यात गेल्या."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्या बुटांसकट पाण्यात उतरल्या होत्या. "काका, बसवल्यानंतर ही कधी हलली?"

"नाही."

"एकदाही नाही? नीट आठवा."

"हलेल कशी? वीतभर खोल आहे."

बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी खिशातली मोजपट्टी काढून काकांचा ओला हात आपल्या हातात धरला आणि त्यांची वीत मोजली. "बावीस. मग साहेब, एकही नोंद वाया गेलेली नाही. रोज चूक झाली, पण रोज तेवढीच झाली. प्रत्येक आकड्यातून बावीस वजा करायचे, की खरा आकडा हातात. काकांनी दिवसातून दोनदा, एकही दिवस न चुकता लिहिलंय. अशी वही मला कुठल्याच नदीवर मिळालेली नाही. आणि माझं कोडंही सुटलं. चाळीस वजा बावीस, अठरा. तक्ता बघा, अठराला नदीत जेमतेम चौथा हिस्सा पाणी असतं. किडे खरं सांगत होते, आणि काका, तुम्हीही खरंच लिहीत होतात."

चार दिवसांच्या त्या अबोल्याचा काटा निघाला हे त्यांच्या खांद्यांवरून मला दिसले.

मग त्या झाडाखाली जी गंमत झाली ती काय सांगू! काकूंनी ट्रंकेतून सगळ्या वह्या आणल्या. साहेब, बाई आणि गेटवाला प्रत्येकी एक वही घेऊन बसले आणि वजाबाक्या करू लागले. काकांना वजाबाकी येत नव्हती. साहेबांनीच त्यांना हातचा घ्यायला शिकवले. अर्ध्या तासाने काकांनी साहेबांची एक चूक पकडली. साहेबांनी ती मान्य केली आणि खोडून पुन्हा लिहिले. वह्या संपल्यावर ते म्हणाले, "खऱ्या चाळीसवर पंधरा दिवस ठेवू. मासे चढले, तर पाणी चालू. नाही चढले, तर मात्र मला शहराचं बघावं लागेल."

गेटवाल्याने चाक फिरवले. साडेतीन फेरे, चार, पाच. काका ओरडत होते, "अजून!" साडेसहा फेऱ्यांना माझ्यावर बासष्ट झाले. म्हणजे किती, ते तुम्हीच काढा.

पहिले आठ दिवस काही झाले नाही. पाणी थंड झाले, खळाळ पूर्वीसारखा बोलू लागला, पण मासे दिसेनात. काका आठला यायचे ते सहालाच येऊ लागले. नवव्या दिवशी सकाळी काकू भांडी घासायला काठावर आल्या आणि त्यांच्या हातातले पातेले तसेच राहिले.

"अहो, इकडे या. आणि पाय न वाजवता या."

खळाळात सोनेरी पर चमकत होते. एक मासा उसळून दगडावरून पुढे गेला, त्याच्यामागे दुसरा, मग पाच, मग मोजता येईनात इतके. एकजण तर माझ्याच पायाला घासून गेला. मला गुदगुल्या झाल्या. बाई धावत आल्या, मोजायला लागल्या, एकशे त्रेचाळीसवर त्यांचा गोंधळ झाला आणि त्या हसत हसत पुन्हा एकपासून सुरू झाल्या. गेटवाला बंधाऱ्यावर उभा राहून दोन्ही हात हलवत होता. काका पाण्यात उकिडवे बसून नुसते बघत होते. काकूंनी त्यांना टोमणा मारला नाही, हे मला विशेष वाटले.

नदीचे पाणी चालू राहिले. शहरासाठी साहेबांनी गळके नळ आणि फुटक्या वाहिन्या दुरुस्त करायला घेतल्या. त्यातून वाचलेले पाणी नदीला सोडलेल्या पाण्यापेक्षा जास्त भरले, असे ते पुढच्या भेटीत सांगून गेले. वर्षभरात गवंडी परतले, दुसऱ्या वर्षी तिशेपटीही आला.

मला उपटून पुन्हा वर बसवायचे ठरत होते. काका म्हणाले, "राहू द्या खोलच. आकडे वर सरकवा." मग सुताराने माझ्यावरचे जुने आकडे बुजवून नवे कोरले, नवा भोवरा अगदी खडकाला लागून. त्यानंतर आणखी मोठा पूर आला. काठावरचा कार्यालयाचा लोखंडी फलकसुद्धा वाहून गेला. मी जागेवर होते. काकांची रीत उभे राहण्यासाठी बरोबरच होती, फक्त मोजताना ती लक्षात ठेवायला हवी होती. आता दर पुरानंतर तिपाईवाले साहेब येतात, आणि ते आले की नाही हे काकू स्वतः जाऊन विचारतात.

पुढे पुलाखाली एक यंत्र आले. दर पाव तासाला ते स्वतःच पाणी मोजते आणि आकडा कार्यालयात पाठवते. काकांचे वाचन बंद झाले. दोन वर्षे माझ्याकडे कुणी फिरकले नाही. माझ्या अंगावर शेवाळ चढले, लाल रंग फिकट झाला. वाईट वाटले, लपवत नाही. पण एकदा भर उन्हाळ्यात यंत्र सांगू लागले की नदीला पूर आलाय. सगळ्यांची धावपळ झाली. बाई म्हणाल्या, "आधी बगळीला विचारा." मी अडतीस सांगितले. यंत्राच्या तोंडाशी गांधीलमाश्यांनी घर केले होते! तेव्हापासून दर आठवड्याला कुणीतरी येऊन माझा आकडा यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहते. यंत्राशी माझे बरे चालले आहे. ते झोपत नाही, आणि मला माश्या लागत नाहीत.

आता शाळांची मुले बाईंबरोबर नदी शिकायला येतात. पाणी कमी असले की माझ्याशेजारी उभी राहून आपली उंची मोजतात. परवा एक मुलगी म्हणाली, "मी एकशे चाळीस." काका आता वाकले आहेत, पण नजर तशीच आहे. ते म्हणाले, "दगडावर उभी आहेस. खाली उतर, मग सांग." ती उतरली आणि एकशे एकतीस झाली. सगळी मुले हसली, तीही हसली.

मित्रांनो, तुमच्याही नदीत, तळ्यात, विहिरीत माझ्यासारखी एखादी पट्टी असेल. तिला दगड मारू नका, तिला जनावर बांधू नका. तिच्या अंगावरचे शेवाळ कधीतरी पुसा. आणि माझ्याकडे आलात, तर आकडा बघण्याआधी पाण्यात हात घाला आणि माझ्या अंगावरून बोट खाली खाली न्या. अगदी तळाशी, खडकाला लागून, गोल भोवरा तुमच्या बोटाला लागेल. तो लागला की वर बघा आणि मोजायला लागा.